देवरामची बावीस मिनिटांची आवणी

पोशेऱ्याच्या देवरामने स्वतः रचलेलं एकही गाणं पाच मिनिटांत संपत नाही. बत्तीस वर्षं त्याची बँजो पार्टी आहे, आणि बत्तीस वर्षं लोक त्याला हेच ऐकवत आलेत.

विशीत तो ठाण्याला बिगारीकामाला गेला होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी टेप लावली. विलायती गिटार होती. गाणं संपलं वाटायचं, तोच चाल बदलायची, ठेका बदलायचा आणि ते पुढं चालूच. देवराम डोक्यावर घमेलं घेऊन उभाच राहिला. "एवढं लांब असतं का गाणं?" त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादमानं शिवी हासडली.

गावी येऊन त्यानं पार्टी काढली. एक बँजो, दोन ढोल, एक फुंकून वाजवायचा भोपळ्याचा तारपा. लग्नात सिनेमाची गाणी वाजवायची आणि मध्येच आपलं. पहिलं मोठं गाणं भातलावणीवर, म्हणून नाव 'आवणी'. बावीस मिनिटांचं. नांगरणीला ठेका संथ, चिखलणीला धावता आणि रोपं लावताना सात मात्रांचा. खोडाळ्याच्या एका लग्नात त्या सात मात्रांवर नाचणारे एकमेकांवर आदळले. नवरदेवाचा मामा ओरडला, "लग्न आहे का कवायत? बंद कर!" त्याच आठवड्यात दोन्ही ढोलवाले दुसऱ्या पार्टीत गेले.

देवरामला राग नाही आला, कोडं पडलं. आपल्याला सातच का सुचलं? आठ का नाही?

पुढच्या आवणीला त्यानं हे बायकोला, मंगळीला, शेतातच विचारलं. ती वाकलेलीच होती.

"सहा रोपं लावायची नि सातव्याला पाऊल मागं. मोज ना."

तो चिखलात उभा राहून मोजत बसला. ओळीतल्या सगळ्या बायांचं तेच.

"म्हणजे हे मी रचलंच नाही," तो म्हणाला.

"रचलंस तूच. आमी कुठं मोजलं होतं!"

त्यानंतर साखरशेतच्या लग्नात त्यानं नवे ढोलवाले घेऊन 'आवणी' वाजवली. सात मात्रा सुरू झाल्या, तशी मंगळी चार बायांना घेऊन पुढं झाली. त्या वाकून, मागं सरकत नाचू लागल्या. लोक आधी नुसते बघत राहिले, मग त्यांनीही मागं ओळी धरल्या. कुणाचा पाय अडखळला नाही.

आता लोक आपणहून 'आवणी' मागतात. मुलगी रोहिणी शाळेत शिकवते, सुट्टीत पार्टीत कीबोर्ड वाजवते. सध्या देवराम नव्या गाण्यासाठी नागली, म्हणजे नाचणी, झोडणाऱ्यांजवळ जाऊन बसतो. काठ्या कधी पाचावर पडतात, कधी सहावर.

"बाबा, सहा धरून टाकू," रोहिणी म्हणते.

"थांब गं. का बदलतंय ते तर कळू दे."