माणिकभाऊंच्या दारात

परवा भोसरीच्या बसमध्ये शेजारच्या कामगाराच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि मला एक जुना रविवार आठवला.

तेव्हा मी फौजेत धर्मगुरू होण्याचं प्रशिक्षण घेत होतो आणि सुट्टीवर घरी आलो होतो. त्याच्या थोडंच आधी कंपनीत वडिलांच्या हातून पत्रा दाबायचा प्रेस चुकून चालू झाला होता आणि त्यांच्या जोडीदाराची, माणिकभाऊंची, दोन बोटं गेली होती. तेव्हापासून वडील देवासमोर हात जोडत नव्हते. मी म्हणालो, "आबा, चला, त्यांच्याकडे जाऊन येऊ."

वाटभर मी क्षमेवरचे श्लोक मनात जुळवत होतो. माणिकभाऊंनी दार उघडलं. पट्टी बांधलेला हात त्यांनी छातीशी धरला होता. आबा एवढंच म्हणाले, "माणिक, माझं चुकलं."

"माफ केलं म्हणलं तर खोटं होईल, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "पण आत या."

आम्ही आत गेलो. मोरीत कपडे भिजत पडले होते, माणिकभाऊंना ते एका हाताने पिळता येत नव्हते. आबांनी बाह्या सारल्या आणि ते कपडे धुवायला बसले. माणिकभाऊंनी अडवलं नाही. निघताना आबा म्हणाले, "पुढच्या रविवारी येतो." जखम भरेपर्यंत ते जात राहिले.

त्या दिवशी मला वाटलं होतं, माझं शिक्षण काहीच कामाला आलं नाही. आज एखादा जवान साथीदाराला दुखावून माझ्यासमोर मान खाली घालून बसतो, तेव्हा मी उपदेश करत नाही. "बूट घाल," म्हणतो, आणि त्याच्याबरोबर त्या साथीदाराकडे निघतो.