'कुन्स्टश्ने'चा अर्थ आज कळला

मित्रांनो, आज मी फसलो आणि सासूबाईंनाही फसवलं.

परवा त्या पुण्याला परत जाणार. त्यांची एकच इच्छा होती, पडणारा बर्फ एकदा बघायचा. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत मात्र नुसता पाऊस. मग एक जाहिरात दिसली: डोंगरावर 'कुन्स्टश्ने', अगदी खात्रीने! श्ने म्हणजे बर्फ, कुन्स्ट म्हणजे कला. मी ऐटीत सांगितलं, "आई, तिथे बर्फाची शिल्पं असणार!"

पोचलो तर हिरव्या डोंगरावर एकच पांढरा पट्टा, आणि शेजारी पाणी फवारत घरघरणारी यंत्रं. कुन्स्ट म्हणजे कृत्रिमसुद्धा!

सासूबाईंनी मूठभर बर्फ उचलला. "जावईबापू, असा तर आमच्या फ्रीजरमध्येही साठतो. याच्यासाठी व्हिसा काढायला लावलात?"

हसलो, पण संताप गेला नाही. आधी हवा तापवायची, मग वीज जाळून थंडीचं सोंग आणायचं, आणि त्याला 'खात्री' म्हणायचं!

सासूबाई माझ्या लहानग्या मुलीला समजावत होत्या, "बाळा, खरा बर्फ आकाशातून पडतो."

तिने यंत्राकडे बोट दाखवलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "नाही, आजी, बर्फ तिथून येतो."

आजीला जर्मन कळत नाही. "काय म्हणाली हो?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?