पिंगळ्याचे डोळे

बातमीत न मावलेलं सगळं बातमीदाराच्या डोक्यात साचत जातं, आणि डोक्याला रद्दीवाला मिळत नाही. माझ्या डोक्यातली सगळ्यात जास्त जागा जळगाव जामोदच्या गफूरचाचांच्या कापडछपाईच्या कारखान्याने अडवली आहे. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, लाकडी ठसे, चाचा आणि त्यांची सून शबाना. ऑर्डर नाही, म्हणून बंद पडायच्या बेतात.

*

माझी मुलगी कॅनडात असते. तिने तिथल्या बर्फाळ उत्तरेकडच्या इनुइट लोकांच्या हातछपाईच्या कापडांचं पुस्तक पाठवलं. सील, कुत्रे, घुबडं. मी चाचांना सांगितलं, छापायची रीत त्यांनी थोडी जपानी ठशांवरून उचलली, पण चित्रं आजीच्या गोष्टींतली. शिवाय तिकडे काही गावांत हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही.

चाचा विचारात पडले. "मंग कापड वायवतात कुठी?"

मला आजही माहीत नाही.

*

पुस्तकातल्या मोठ्या डोळ्यांच्या घुबडापुढे शबाना बसून राहायची. मग एक दिवस पुस्तक मिटून तिने परसातल्या निंबावरचं लहानसं घुबड, पिंगळा, कागदावर काढलं. नक्कल तर नाही ना, मी टोकलं.

"पाहाले त्यायच्यापासून शिकली, काका. पाखरू माह्याच झाडावरचं हाय."

*

चाचांनी ठसा कोरला, पण डोळे रिकामे ठेवले. वडिलांपासूनची रीत. मोर असो की हत्ती, डोळे नाहीत.

"डोये देले तं जीवबी द्या लागते. तो आपल्या हातात हाय का?"

*

नांदुऱ्याच्या कापडदुकानदाराने चादर उलगडली आणि हात मागे घेतला. घुबड घरात कोण नेईल? मोर करा म्हणाला.

"शेठ, गिऱ्हाइकापेक्षा माश्या जास्त हायेत दुकानात, त्या चालतात तुमाले," चाचा म्हणाले. "एका पिंगळ्यानं काय होते?"

*

मी बातमी लिहिली. डेस्कवर 'इनुइट' खोडून 'एस्किमो' केलं आणि वर मथळा दिला: 'घुबडाने फळफळले नशीब'. मी फोनवर भांडलो. माणसं स्वतःला जे म्हणवतात ते छापायला काय होतं?

"सर, बुलढाण्यात कोण तक्रार करणार आहे?"

"मी करून राह्यलो ना बे!"

*

त्याच बातमीवरून पुण्याच्या एक बाई आल्या. मोठी ऑर्डर, कारखाना तरला असता. अट एकच: डोळे हवेत. त्यांच्याशिवाय पक्षी आंधळा दिसतो म्हणे. मी तावातावाने बोलायला लागलो, तर चाचांनी मलाच गप्प केलं. बाईंना चहा पाजला आणि नाही म्हणाले. शबाना टेबल पुसत राहिली. पुसलेलंच पुन्हा.

पुढे तोच पिंगळा, डोळ्यांसकट, कुठल्याशा गिरणीत छापून बाजारात आला. शबानाचं नाव कुठेही नाही. मी म्हटलं, नोटीस ठोकू. ती म्हणाली, राहू द्या काका.

*

कारखाना बंद झाला. ठसे एका हॉटेलवाल्याने भिंतीवर टांगायला नेले. पिंगळ्याचा तेवढा चाचांनी दिला नाही. शेवटच्या दिवशी मी गेलो तेव्हा उरलेल्या कापडावर ते तोच छापत होते. कापड अंगणात वाळलं. मग त्यांनी शबानाकडे बारीक ब्रश मागितला.

तिचा हात थांबला. "अब्बा, काऊन?"

चाचांनी सावकाश पिंगळ्याचे दोन्ही डोळे रंगाने भरले. कापड रिकाम्या टेबलासमोरच्या भिंतीवर ठोकलं, बाहेर आले आणि शटर ओढलं.

"कोनी तं पायजे ना इथं."