मुधोळचा पगार, किनवटचा पगार

छप्पन साली भाषेवरून राज्यांची वाटणी झाली तेव्हा आम्ही मुधोळला होतो. माझे यजमान तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. तोवर मुधोळ हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यात होतं. वाटणीत ते आदिलाबादला जोडलं आणि आदिलाबादेतलं किनवट नांदेडला दिलं. आम्ही जागचे हललो नाही. चूल तीच, विहीर तीच. फक्त आम्ही आंध्रात गेलो आणि किनवट मुंबई राज्यात.

किनवटच्या दवाखान्यात यजमानांचे मित्र होते. दोघं हैदराबादला एका वर्गात शिकले, नोकरीला बरोबरच लागले. निजामाचे हाली रुपये जाऊन भारत सरकारचे कलदार आले तरी दोघांचा पगार सारखाच राहिला. वाटणीनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत मित्र बायकोला घेऊन आमच्याकडे आले. करंज्या तळताना ती सहज म्हणाली, "आमचा नवा पगार ठरला हो. तुमचा किती झाला?"

"होता तेवढाच," मी म्हटलं.

तिला वाटलं मी लपवते आहे. मग तिने त्यांचा आकडा सांगितला आणि माझ्या झाऱ्याखालची करंजी तेलात फुटली. जेवायला बसल्यावर मी मित्रांना सरळ विचारलं. ते ताटाकडे बघत म्हणाले, "वहिनी, मुंबईवाल्यांची पगाराची श्रेणी वेगळी आहे. मी काही मागितलं नव्हतं." यजमानांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्यांना आणखी भात वाढायला सांगितलं.

पुढचं वर्षभर यजमान अर्ज करत राहिले. आदिलाबादचं दफ्तर म्हणे, तुमचे कागद नांदेडला. नांदेड म्हणे, कधीच पाठवले. यजमान प्रत्येक वेळी परत येऊन शांतपणे हातपाय धुवायचे. "होईल," एवढंच म्हणायचे. मला सरकारपेक्षा त्या "होईल"चाच जास्त राग यायचा.

शेवटी मी म्हटलं, मीही येते. भैंसा, निर्मळ, नेरडीगोंडा करत बसने आदिलाबादला पोचलो तेव्हा माझ्या लुगड्यावर लाल धूळ बसली होती. दफ्तरातल्या कारकुनाने मान वर न करता "रेपु रंडी" म्हटलं. म्हणजे उद्या या. मी शिकलेले पहिले तेलुगू शब्द हेच. मी म्हटलं, "आज आलोय, आजच भेटणार," आणि बाकावर बसून राहिले. यजमान लाजून बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

दुपार कलल्यावर वरच्या साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. गुंटूरकडचे, सज्जन माणूस. हिंदीत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "अम्मा, आंध्राची श्रेणी तुमच्या जुन्या हैदराबादच्या श्रेणीपेक्षा कमी आहे. माझ्याकडे तिकडून नवे डॉक्टर आलेत, ते विचारतात, मुधोळवाल्यांना आमच्यापेक्षा जास्त का? त्यांना मी काय सांगू?"

"म्हणजे आमचा पगार जास्त आहे?"

"जास्त आहे. म्हणून काही तो कमी करणार नाही. पण बाकीचे बरोबरीला येईपर्यंत वाढवताही येणार नाही."

मी यजमानांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, जणू कुणी हिशेबाचं अवघड उदाहरण सोडवून दाखवलं. ताप किनवटला तोच, मुधोळला तोच, गुंटूरलाही तोच. आणि तो उतरवणाऱ्यांचे पगार तीन. जास्त मिळतं म्हणून आम्ही रडायचं नाही, आणि कमी मिळतं म्हणून मित्राकडे बघायचंही नाही.

घरी आल्यावर मी मनाशी एक ठरवलं. दवाखान्याची वेळ संपली की गावातले व्यापारी, सावकार, मळेवाले सरळ आमच्या ओसरीवर यायचे. रांगेत उभं राहायला त्यांना कमीपणा वाटे. यजमान त्यांना तपासायचे, मी चहा करायची, आणि ते चहा पिऊन, नमस्कार करून जायचे. घरी तपासायची फी घ्यायला सरकारची मनाई नव्हती. मनाई यजमानांच्या जिभेला होती.

दुसऱ्याच दिवशी कापडाचे मोठे दुकानदार आले. मी दारातच सांगितलं, "दवाखान्यात फुकट आहे. इथे दोन रुपये."

ते थबकले. "बाईसाब, हे काऊन? डाक्टरसाब तं कधी मागत नव्हते."

"तुम्ही लुगडं फुकट देता का मला?"

"आमी डाक्टरसाबले पुसतो."

"पुसा. पण डॉक्टर सरकारचे आहेत, ओसरी माझी आहे."

आतून यजमान खाकरले, पण बाहेर आले नाहीत. दुकानदारांनी दोन रुपये ठेवले. नंतर गावभर सांगितलं की डॉक्टरीणबाई फार कडक आहेत. त्याने माझं काही बिघडलं नाही. निम्मे लोक यायचे बंद झाले आणि मुकाट्याने दवाखान्याच्या रांगेत उभे राहू लागले. बाकीचे मात्र येत आणि दोन रुपये देत.

यजमान आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. "तू मला दुकानदार केलंस," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला नाही, मी स्वतःला केलं." मलाही ते बरं वाटत नव्हतंच. चार चांगल्या घरच्या माणसांना दारात अडवायचं, भाव सांगायचा, आणि हे सगळं का, तर आम्ही राहतो ते गाव नकाशावर एका रेघेच्या अलीकडे आलं म्हणून.

पगार वाढला तो पुष्कळ वर्षांनी, आमच्या धाकट्या मुलीचं लग्न होऊन गेल्यावर. यजमान कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. "बघ, झालं की नाही?" म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की मी नुसतं हं म्हटलं आणि डाळीला फोडणी दिली. पण फोडणी जरा जास्तच चरचरली असावी, कारण ते लगेच बाहेर गेले.