खोट्या हुकुमाची कपाशी

माझी जाऊ पंचफुला तुरीचे शेंडे खुडायला लागली की तिची बोटं दिसत नसत. आम्ही दोघी तेव्हा रिठद गावच्या नव्या सुना. ती कायम माझ्यापुढं दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी.

"शेंडा मोडला का बाजूच्या फांद्या फुटतेत," ती म्हणायची. "मोठं माणूस चूप बसलं का लेकी-सुना बोलतेत, तसं." अन् सासूकडं बघायची. मी पदरात तोंड खुपसून हसायची.

सासू गेली, आमचे धनीही गेले. पंचफुला आपलं वावर कसतच राहिली.

गेल्या साली तिच्या कपाशीवर माव्याची कीड पडली. बाई काटकसरी. बांधाचं गवत मारायचा पंप वरवर विसळून त्यातच माव्याचं औषध भरलं. आठवड्यात कपाशीची पानं आखडून भेंडीच्या पानासारखी कातरली. तिचा पोरगा विकास पुण्याहून आला.

"माय, मोडून टाक हे. वावर मक्त्यानं देऊ, तू माह्यासंगं चाल."

वावर गेल्यावर पंचफुला किती उरेल, ते मला ठाऊक होतं.

माझी नात पल्लवी अकोल्याला शेतकी शिकते. तिनं पान उलटंपालटं करून पाहिलं.

"आजी, झाडाच्या शेंड्यात वाढीचा रस तयार होते. तो आत जाऊन झोपलेल्या जनुकांले सांगते, उठा, कामाले लागा."

"म्हंजे सुनाच की वं! हाक आली का उठा," पंचफुला म्हणाली.

"हो. अन् गवताचं औषध त्याच रसाची नक्कल. खोटा हुकूम. झाड खरा समजून वेडंवाकडं वाढून राह्यलं. बिघडले शेंडे खुड. खालचे कोंबाचे डोळे फुटले तर फुटतीन."

"तुरीचे खुडते मी. ह्या कपाशीच्या तं शेंड्यालेच पात्या, फुलाच्या कळ्या लागल्या."

"सासूले नाही भ्याली, अन् कपाशीले भेतं?" मी म्हटलं.

तेव्हा उठली. आम्ही दोघी म्हाताऱ्या गुडघे धरत तासात शिरलो. विकास मागून शेंडे गोळा करत होता, तोंड पाडून.

पुढं बरेच दिवस ती रोज एकाच झाडापाशी बसायची. एका सकाळी तिनं हाक मारली. "विकास, हे पाह्य." फांदीच्या बगलेतून कोवळं पान निघालं होतं, तळहातासारखं पसरट.

विकासनं ते बोटानं हलवून पाहिलं. "माव्याच्या औषधाले दुसरा पंप आणून देतो," एवढंच बोलला, अन् पुण्याला एकटाच गेला.

कापूस कमीच झाला. पण जुन्या पंपाला आता लाल चिंधी बांधलेली आहे, तो फक्त गवताचा, अन् यंदाच्या तुरीत पंचफुला अजून माझ्यापुढं दोन तासं.