पुसायची राहिलेली चौकट

ताईच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती, अंगठा आणि करंगळी. मधली तिन्ही पत्रा दाबणाऱ्या सात नंबरच्या प्रेसने खाल्ली. पत्र्याचे डबे बनवायचा आमचा कारखाना, आणि ताई तेव्हा आमच्यासारखीच मशिनवर उभी असायची. फोरमनने दवाखान्यातच कागद पुढे केला, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, आणि म्हणाला, सही कर, खुर्चीवरचं काम देतो. तिने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. तेव्हापासून ती ट्रेनिंगच्या खोलीत आम्हाला सेफ्टीच्या स्लाइड दाखवायची. त्या कागदाचा विषय कुणी काढलाच तर म्हणायची, “चहा झाला का तुझा?”

स्वभाव म्हणाल तर नुसती मिरची. पेंगणाऱ्याच्या खुर्चीला लाथ घालायची. “हात गेल्यावर उघडणार का रे डोळे?” तरी आम्ही पेंगायचोच. भिंतीवर चित्रं सरकतायत आणि आपण नुसतं बघायचं, कोण जागं राहणार? मग एकदा तिच्या डोक्यात किडा वळवळला. शो चालू असतानाच बघणाऱ्याला त्यात लिहिता आलं तर? स्लाइडवरच्या साध्या चौकटीत ते होत नाही, शो सुरू झाला की तिला हातच लावता येत नाही. ताई आठवडाभर कॉम्प्युटरशी भांडत बसली. शेवटी तिला सापडलं: सेटिंगमध्ये जाऊन डेव्हलपर नावाचा लपलेला टॅब चालू करायचा आणि त्यातली लिहायची चौकट स्लाइडवर आणून ठेवायची. तिच्यात मात्र शो चालू असतानाही टाइप करता येतं. पहिल्याच दिवशी पॅकिंगवाल्या काकांनी भिंतीवर लिहिलं, ‘ताई पंखा वाढव’. खोलीत खसखस पिकली. त्या दिवशी कुणी झोपलं नाही.

मग तिने खरा प्रश्न घातला. ‘तुला कोणत्या मशिनची भीती वाटते? का?’ एकेकाला आत बोलवायचं, दार लावायचं, नाव लिहायचं नाही. माणूस लिहून बाहेर गेला की ती ते वहीत उतरवायची आणि चौकट पुसायची. कारण ती चौकट आपली आपण रिकामी होत नाही, कुणी पुसेपर्यंत आधीच्याचं लिहिलेलं तिथेच बसून राहतं. पुसायला ताई कधीच चुकली नव्हती.

माझ्या वेळेला चुकली.

आमची ही, म्हणजे माझी बायको, तेव्हा सात नंबरवर होती. प्रेसच्या पुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी असली की दर वेळी ती उघडा, लावा, माल कमी निघतो. म्हणून फोरमन ती काढून ठेवायचा. बाहेरचं कुणी बघायला आलं की तेवढ्यापुरती लावायचा. हिने एकदा तोंड उघडलं, तर त्याने सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली जाळ काढला. मी दोन मशीन सोडून उभा होतो. उभाच राहिलो. त्या रात्री मला माझीच लाज वाटली.

ते सगळं मी चौकटीत लिहिलं. ‘सात नंबर. जाळी काढून चालवतात. फोरमनने बाईमाणसाला मारलं. एक दिवस हात जाणार.’ लिहून बाहेर पडलो आणि तेवढ्यात शेडमधून आरडाओरडा झाला, भट्टीजवळ कुणी चक्कर येऊन पडलं होतं. ताई तशीच पळाली. ट्रेनिंग फोरमनलाही घ्यावंच लागायचं, आणि माझ्यानंतर नंबर त्याचा होता. तो आत गेला. भिंतीवर माझी अक्षरं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने मला भंगाराच्या ढिगामागे गाठलं. हातात मोठा पाना. पहिला घाव बरगडीवर बसला, श्वासच अडकला. दुसरा तोंडावर. मी खाली पडलो तसा तो लाथा घालायला लागला, आणि दर लाथेला विचारायचा, “कशाची भीती वाटते? सांग! कशाची?” दोन दात मी माझ्या हातात थुंकले. हसू नका, पण मला तेव्हा वाटलं, बोटं तरी शाबूत आहेत.

तसाच धडपडत ताईच्या खोलीत गेलो. मला बघून ती उठली. भिंतीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि तिला सगळं कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. मी तिची खुर्ची उचलून कपाटावर आपटली. म्हणालो, “तुमची गेली ना बोटं? आता माझ्या बायकोची घालवा!”

“माझ्या हातून झालं,” ती म्हणाली. एवढंच. तिच्याकडे सांगायला दुसरं काही असतं तरी मी ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून फोरमनने हिला सातवरून हलूच दिलं नाही. जाळी नाही, वर वेग वाढवलेला. ही घरी यायची तेव्हा जेवताना हातातला घास पडायचा. मी म्हटलं, सोड नोकरी. ती म्हणाली, “अहो, मग तिथे दुसरी कुणीतरी उभी राहील ना?”

शुक्रवारी मालक ट्रेनिंग बघायला येणार होते. जाळी सकाळीच चढली, रंगसुद्धा मारला तिला. फोरमनने ताईच्या स्लाइड एकूण एक तपासल्या. चौकट दिसली, पण ती रिकामी होती. “ही अजून कशाला?” त्याने विचारलं. “शोभेला,” ताई म्हणाली. लिहायला कुणी उठणार नाही, याची त्याला खात्री होती. माझं तोंड अजून सुजलेलं होतं, तेच सगळ्यांना पुरेसं होतं.

मालक पुढच्या खुर्चीत बसले, आम्ही सगळे मागे. प्रश्न भिंतीवर आला. कुणी उठलं नाही. मीही खुर्चीतच बसून राहिलो. तेव्हा ताईने पदर खोचला, वही उघडली आणि स्वतःच टाइप करायला बसली. डाव्या हाताने, भराभर. ‘सात नंबर. जाळी आज सकाळी लावली. उद्या काढतील.’ पुढचं वाक्य सुरू झालं तसा फोरमन झेपावला. लॅपटॉपचं झाकण त्याने तिच्या हातावर आदळलं. पुन्हा उघडून पुन्हा आदळलं. मग दोन्ही हातांनी दाबून धरलं. ताई किंचाळली, पण तिने हात काढला नाही. आणि भिंतीवर, त्या चौकटीत, तिच्या बोटाखाली दाबलं गेलेलं एकच अक्षर उमटत राहिलं. ककककककक. ओळीमागून ओळ.

सगळ्यात आधी ही उठली. माझी बायको. तिने लोखंडी खुर्ची त्याच्या पाठीत घातली. मग मी. मग काका, मग अख्खी खोली. खोटं कशाला बोलू, तो खाली पडल्यावरही मी थांबलो नाही. त्याचं नाक माझ्या बुटाखाली मोडलं, तो आवाज मला आवडला. मालक भिंतीला चिकटून ओरडत होते, “पोलिसांना बोलवा!” पोलीस आले. फोरमनला घेऊन गेले, मलाही नेलं. माझ्यावरची केस अजून चालू आहे, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

सात नंबरला आता जाळी लावल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही, तशी वायरिंग केलीय. ताईच्या डाव्या हाताची चार हाडं मोडली होती.

महिन्याने ट्रेनिंग पुन्हा सुरू झालं. ताई आली ती डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा तो तसा. की-बोर्डवर हिला बसवलं. मी दारातून म्हटलं, “ताई, त्या दिवशी मी बोललो ते...” तर म्हणाली, “चहा झाला का तुझा?”

प्रश्न भिंतीवर आला. कोणत्या मशिनची भीती वाटते? सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“आधी मी,” ताई हिला म्हणाली. “मी सांगते, तू लिही.”

ही दहा बोटं की-बोर्डवर ठेवून थांबली.

“सात नंबर,” ताई म्हणाली. “जाळी नव्हती. चूक माझी नव्हती.”

हिने लिहिलं. मग सवयीने विचारलं, “ताई, पुसू?”

“नको,” ताई म्हणाली. “पुढच्याला बोलव.”