जर्मन दुनळीची डावी नळी

मी भुताखेताला मानणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. या सदरातले हडळींचे आणि मुंजांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आमच्या आळीत कुणाच्या अंगात आलं, की मी आधी विचारायची, सकाळपासून पोटात काही गेलंय का तिच्या? तेव्हा हे मी हौसेनं लिहीत नाही. आमच्या ह्यांना आता वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायला घरात माझ्याशिवाय कुणी नाही, त्या भरवशावर लिहिते आहे.

आमचं घर भोरात, नीरेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत ह्यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान, मागे माझी चूल. घरात दोघंच. हे पुण्याच्या लष्करात काम शिकून आलेले, त्यामुळे भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ज्याच्याकडे म्हणून लायसन, त्याची बंदूक कधी ना कधी आमच्या दारात यायचीच. पण मी सांगते आहे तेव्हा — ही दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी — ह्यांचे डोळे गेल्यात जमा होते. उजेड आणि सावली कळायची, बाकी सगळं बोटांनी. हे गिऱ्हाइकांना कळलं असतं तर दुकान बसलं असतं, म्हणून बारीक नजरेचं काम माझ्याकडे आलं. नळ्या उजेडाकडे धरून आतून बघणं तर पूर्णच माझं.

आणि ह्यांची एक खोड. दुरुस्त केलेली बंदूक पहिल्यांदा हे स्वतः खांद्याला लावून उडवणार, तेही गिऱ्हाइकासमोर. नळी फुटली तर हात जातो, कधी कधी माणूसच जातो. नळी आतून धड आहे की नाही हे सांगणारी मी… म्हणजे ह्यांचा जीव माझ्या नजरेवर. मला त्या कामाची फार धास्ती वाटायची.

एकदा विंझरचे कोंडिबा घोंगडीत गुंडाळून एक दुनळी बंदूक घेऊन आले. म्हणाले, “मिस्त्री, वाघरानं दोन कालवडी नेल्या. जंगलखात्यातल्या सायबाचं सामान लिलावात निघालं, त्यात ही घेतली. चालंल का न्हाई, आन् म्हाग पडली का सवंग, तेवढं सांगा.”

ह्यांनी नळ्या सुट्या केल्या, पालथ्या केल्या आणि मला जवळ बोलावलं. शिकवतोय असा आव आणून म्हणाले, “वाच बघू, काय काय कोरलंय?”

“मुगूट आहे. त्याखाली इंग्रजी यू. बाजूला गोलात बारा.”

“आणि एन कुठे दिसतो?”

“नाही.”

“मग ही जर्मनीची. बहुतेक झूल गावची, पहिल्या लढाईच्याही बरीच आधीची. एन नाही, म्हणजे नव्या बिनधुराच्या दारूवर हिची परीक्षा झालेली नाही. हिला काळी दारूच चालेल.”

“आन् चुकून नवी घातली तर?”

“तर डावा हात शोधत बसाल.”

नळ्यांना कुणीतरी काळा रंग फासला होता. मी तो खरवडला, तर खाली पाण्यावर उठतात तशा बारीक रेघा निघाल्या. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी. हे खूश झाले. “कोंडिबा, महाग नाही पडली. असलं काम आता कुणी करत नाही.” कोंडिबा बंदूक ठेवून गेले. ह्यांनी लाकडी दस्त्याची चीर सांधली, चाप ओढला की पडणाऱ्या घोड्यांना नव्या कमानी बसवल्या, आणि मी लाकडाला जवसाचं तेल चोळत बसले.

मग सकाळचं ऊन दारातून आत आलं तेव्हा मी नळ्या दाराकडे धरल्या. उजव्या नळीतून समोरच्या घराची चुन्याची भिंत दिसली. डावी नळी बंद. टोकाशी काहीतरी मळकट पांढरं. मला वाटलं चिंधी अडकली असेल, नाहीतर कुंभारीण माशीनं घर केलं असेल. नळी पुसायचा गज घातला, तो आरपार गेला. पुन्हा डोळा लावला. तेच मळकट कापड. त्याला एक आडवी चुणी होती. ती चुणी हळूच वर गेली, आणि हळूच खाली आली.

ते कापड कुणाच्या तरी छातीवर होतं. श्वास चालू होता.

मी नळ्या खाली घेतल्या. दारात कुणी नाही, रस्त्यावर एक कोंबडी. उजव्या नळीतून पाहिलं, भिंत. डाव्या नळीतून पाहिलं… वर, खाली. वर, खाली.

“अहो, दारात कुणी आहे का?”

“कुणी नाही. लख्ख उजेड येतोय. का गं?”

“काही नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते कापड इतकं जवळ आलं होतं की सुताचे धागे दिसत होते. त्याच्या पुढच्या सकाळी नळीत नुसता काळोख होता, आणि त्या काळोखातून माझ्या पापणीवर गरम श्वास आला. ताप चढलेल्या माणसाचा येतो तसा. माझ्या हातून नळ्या सुटल्या.

हे ओरडतील असं वाटलं, पण ह्यांनी माझा हात धरला. “नळ्या टाकल्यास कशानं? डाव्या नळीत भेग दिसली का?”

बघा, त्यांनीच मला शब्द दिला. मी म्हटलं, “हो. भेग आहे. खांद्याला लावू नका.”

“माझ्या बोटांना तर काही लागत नाही.” त्यांनी डाव्या नळीवरून पुन्हा एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, “बरं. तू म्हणतेस तर बांधून उडवू.” मी आत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

कोंडिबांना बोलावून घेतलं आणि नीरेच्या काठी बैलगाडीच्या चाकाला बंदूक बांधली. छर्रे कसे पसरतात ते कळावं म्हणून समोर बांबूंना दोन जुनी धोतरं ताणून बांधली, एकेका नळीसाठी एकेक. चापाला दोरी लावून हे लांबून ओढणार. उजवी नळी उडाली, ठीक. डावीही उडाली. फुटलीबिटली काही नाही.

“वैनी, तुमची भेग कुठं गेली म्हनं?” कोंडिबा हसत धोतरांकडे गेले, आणि तिथे त्यांचं हसू थांबलं.

मी गेले. उजव्या नळीच्या धोतरावर सगळीकडे सारखी भोकं. डाव्या नळीच्या धोतरावर भोकं होती ती फक्त कडेनं. मधे एकही नाही. मधल्या कोऱ्या जागेला डोकं होतं, मान होती, दोन्हीकडे उतरते खांदे होते. धोतराला पाठ लावून कुणी उभं असावं आणि बाकीचे छर्रे त्यानं अंगावर घ्यावेत, तसं. खाली वाळूत कोंडिबांच्या आणि माझ्याच पावलांच्या खुणा होत्या.

हे काठी टेकत आले आणि धोतरावर बोटं फिरवायला लागले. बोटं कडेच्या भोकांवरून मधे आली, थांबली, आणि खांद्यावरून मानेकडे, मानेवरून डोक्याकडे सावकाश फिरत गेली. “इथे छर्रे का नाहीत?”

कोंडिबांनी माझ्याकडे पाहिलं. “कापडाला घडी पडली होती,” मी म्हटलं.

घरी येऊन मी डावी नळी दाराकडे धरली. समोरची भिंत दिसली, स्वच्छ. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मनात एकच — आपण कुणाला मारलं?

कोंडिबांना मी खोदून खोदून विचारलं. ह्या बंदुकीनं कुणी गेलंय का? “तसलं काय बी न्हाई वैनी, म्या समदी चवकशी केली.” बंदूक ते घेऊन गेले. बाजाराला येतात तेव्हा सांगतात, वाघरू पुन्हा फिरकलं नाही, आणि डावी नळी तर लई झकास चालती.

पावसाळा उलटल्यावर एका सकाळी ह्यांनी पुढून हाक मारली, “अगं, दारातून जरा सरक, उजेड अडतोय.” मी मागे भाकऱ्या करत होते. पीठ लागल्या हातानं पुढे आले. दार रिकामं. ऊन थेट ह्यांच्या मांडीपर्यंत आलेलं, आणि हे दाराकडे तोंड करून वाट बघत बसलेले. त्यांना काय सांगणार? मी दारात जाऊन उभी राहिले… तिथे पाय ठेवताना काय झालं ते माझं मला ठाऊक. मग म्हटलं, “मीच होते. सरकले बघा,” आणि बाजूला झाले. “हां, आता बरं,” हे म्हणाले आणि कामाला लागले.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. कधी महिनाभर काही नाही, कधी एका आठवड्यात दोनदा. दरवेळी मी जाते, त्या जागी उभी राहते, आणि मीच होते म्हणते. याचा उलगडा मला झालेला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही.

मध्यंतरी एकदा ह्यांनी विचारलं, “दारात इतका वेळ उभी असतेस, मग मी हाक मारली की स्वयंपाकघरातून कशी येतेस?”

भाकरी करपतेय म्हणून मी आत गेले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण आता ते मला सरक म्हणत नाहीत. हातातलं काम खाली ठेवतात, मला जवळ बोलावून घेतात, आणि उजेड परत येईपर्यंत माझा हात धरून बसतात.